पाण्यानं जागं होणारं यंत्र

“ह्यातला कोणता माका वाचवतला, ता सांग,” जयवंत म्हणाला.

ओटीवरच्या चटईवर दोन यंत्रं ठेवली होती. एक हाताच्या पंजात मावणारं, पिवळं, दुमडलेल्या अँटेनाचं. दुसरं सोललेल्या नारळाएवढं, नारिंगी, डोक्यावर काचेचा दिवा असलेलं आणि प्लास्टिकच्या खोबणीत घट्ट बसवलेलं. दोन्हींचं काम एकच. समुद्रात माणूस संकटात सापडला की उपग्रहाला हाक द्यायची. ती हाक किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रात पोचते आणि तिथून बोट निघते. बीकन म्हणतात त्याला. जयवंतच्या जहाजावरच्या एका जुन्या सोबत्यानं मुंबईहून दोन्ही पाठवली होती. हवं ते ठेव, नको ते परत कर, अशी चिठ्ठी सोबत होती.

“मी कसं सांगणार?” मी म्हणालो. “मला पोहताही येत नाही.”

“पोवाक माका येता. तुका वाचूक येता. वाच नि सांग.”

जयवंत तांडेल आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो पुढे जहाजांवर गेला, पस्तीस वर्षं इंजिनघरात काढून वेंगुर्ल्याला परतला. इंजिनाच्या आवाजाला इतका विटला होता, की आल्या आल्या त्यानं बिनइंजिनाची, शिडाची एक होडी बांधून घेतली. तिचं नाव ‘कुर्ली’. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, खेकड्यासारखी तिरकी तिरकी जाते, म्हणून. दसरा झाला की तिच्यातून एकट्यानं हर्णैपर्यंत जायचं त्यानं ठरवलं होतं. सुलभावहिनींनी एकच अट घातली होती, की असं काहीतरी यंत्र सोबत असल्याशिवाय होडी पाण्यात जाणार नाही.

आणि ते यंत्र निवडायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं. मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तीस वर्षांत मी कुणाला आपणहून पुस्तक सुचवलं नाही. मागतील ते काढून दिलं. एखाद्यानं विचारलंच, “आरोलकर, यातलं चांगलं कुठलं?” तर मी म्हणायचो, “दोन्ही बरी आहेत, बहुतेक.”

मी दोन्ही यंत्रं घरी नेली. माहितीपुस्तिका इंग्रजीत होत्या, बारीक टायपातल्या. आठ दिवस मी त्याच वाचत होतो. वहीत दोन रकाने केले. लहान यंत्र अंगावर बांधता येतं, पण अँटेना उघडून बटण दाबावं लागतं. मोठं यंत्र होडीवर राहतं. ते खोबणीतून निघालं आणि पाण्यात पडलं की आपोआप चालू होतं. बटण दाबावं लागत नाही.

नवव्या दिवशी मी वही घेऊन त्याच्या ओटीवर गेलो.

“मोठं,” मी म्हणालो.

“कित्याक? ह्या बारक्या खिशात ऱ्हवता. त्या मोठ्याक कोण सांभाळतलो?”

“लहान यंत्राला माणूस शुद्धीवर लागतो. हात चालायला हवेत. घाबरला आणि बटण सापडलंच नाही, तर काय उपयोग? मोठ्याला काही लागत नाही. पाणी लागलं की ते जागं होतं. कुणी काही ठरवायचं उरतच नाही.”

खरं म्हणजे हे बोलताना मी जयवंतचा विचार करत नव्हतो. संकटात बटण न सापडणारा माणूस मीच होतो.

सुलभावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी सांगतत ता बरोबर. ह्यांका घरात सोताचो चष्मो गावणा नाय, दर्यात बटाण खयसून गावतला?”

“चष्मो तूच खयतरी ठेवतस,” जयवंत म्हणाला आणि मोठं यंत्र मांडीवर घेऊन लहान मुलाला थोपटावं तसं थोपटू लागला. “बरा तर. वामनान सांगल्यान म्हणजे झाला.”

यंत्राची नोंदणी करायची होती. फॉर्मवर होडीचं नाव, रंग, लांबी आणि शेवटी, हाक आल्यावर किनाऱ्यावर कुणाला फोन करून खात्री करायची, त्या दोन माणसांची नावं. जयवंतनं पहिल्या जागी माझं नाव लिहिलं.

“वहिनींचं लिही पहिलं,” मी म्हणालो.

“ती घाबरतली. तू सगळा वाचलेलो माणूस. इचारतीत ता नीट सांगशीत.”

दुसऱ्या जागी त्यानं वहिनींचं नाव लिहिलं. फॉर्मची एक प्रत मला दिली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी तांडेलांच्या अंगणात हत्यारांची पूजा मांडली होती. कोयता, नांगर, जाळ्याच्या सुया, जयवंतच्या इंजिनघरातले दोन पाने आणि मधोमध पाटावर ते नारिंगी यंत्र. पाटावर नीट बसावं म्हणून कुणीतरी ते खोबणीतून काढलं होतं. शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले होते. जयवंतनं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान ह्या नवीन यंत्र हाडलेला आसा, तेचा रक्षण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

“दर्यात गेल्यार ह्या यंत्राक हाक मारूचो वखत कधी येव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

वहिनींनी हळदकुंकू वाहिलं. मग पाण्याचा तांब्या उचलला. मी समोर उभा होतो. पुस्तिकेतलं नेमकं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं, खाली कंसात दिलेल्या सूचनेसकट. ‘वहिनी, पाणी नको,’ एवढंच म्हणायचं होतं. पण भरल्या पूजेत, सगळ्यांसमोर, मध्येच कसं बोलायचं? वहिनी नुसतं शिंपडतीलही, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी सगळा तांब्या ओतला.

यंत्राच्या डोक्यावरचा दिवा लखलखायला लागला.

“दिवो लागलो! देवान कौल दिल्यान!” मागून कोणीतरी ओरडलं. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मुलं टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल वाजला.

पलीकडे बचाव केंद्रातल्या एक बाई होत्या. आवाज शांत. ‘कुर्ली’ नावाची होडी संकटात आहे का, असं त्यांनी विचारलं. होडी किनाऱ्यावर आहे, यंत्र पूजेत भिजलं, हे सांगताना माझी कानशिलं तापली. तोवर जयवंतनं यंत्र पुसून खोबणीत बसवलं होतं. दिवा विझला.

बाई हसल्या. “असू दे सर. नोंद करून ठेवते. पुढच्या वर्षी त्याला कोरडाच नमस्कार करा.”

गावभर तो विनोद झाला. वाचनालयात आलेली पोरंसुद्धा विचारायची, “सर, आज कोणाक बुडवलास?” आणि मी रात्री अंथरुणात तो फोन आठवून लाजत राहायचो. मी आधी बोललो असतो तर तो फोन आलाच नसता. त्या बाईंना पुन्हा कधी आपल्याशी बोलायची वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

बारा दिवसांनी ‘कुर्ली’ निघाली. सकाळचे आठ वाजले होते. मतलई वारा चांगला होता आणि पाणी सपाट. जयवंतनं जाकीट चढवलं, नारिंगी यंत्र खोबणीसकट डोलकाठीच्या पायथ्याशी बसवलेलं मला दाखवलं.

“तीन तासांत दीपस्तंभाच्या खडकांपाशी जातलंय,” तो म्हणाला. “थय नारळ देतलंय दर्याक. आमचो बापूस थय नारळ दिल्याबिगर पुढे कधी गेलो नाय. नि तुझ्या ह्या देवाकव थोडा पाणी पाजतलंय. फोन इलो तर घाबरा नको.”

“असलं काही करू नकोस,” मी म्हणालो.

“मस्करी केलंय रे मेल्या.”

वहिनी हसल्या. मीही हसलो. शीड वर चढलं, भरलं, आणि ‘कुर्ली’ आपल्या चालीनं, तिरकी तिरकी, बंदराबाहेर पडली.

मी घरी आलो. वाचनालयातली फाटकी पुस्तकं मी घरी आणून चिकटवायचो. त्या दिवशी एक जाड कोश उघडा ठेवला होता. खळ शिजवली, पुठ्ठा कापला. कण्याला खळ लावत होतो तेव्हा फोन वाजला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा चाळीस.

“आरोलकर सर? बचाव केंद्रातून बोलतेय. ‘कुर्ली’चं बीकन चालू झालंय. होडी समुद्रात आहे का?”

त्याच बाई. मी आवाज ओळखला आणि माझी कानशिलं तापली.

“हो. सकाळी निघाली.”

“माझ्यासमोर मागची नोंद आहे, पूजेची. आताचा संदेश दीपस्तंभाच्या खडकांजवळून येतोय. तिथे काही ठरलं होतं का?”

“तिथे तो नारळ देणार होता,” मी म्हणालो. “यंत्राला पाणी पाजतो असंही म्हणाला होता. थट्टेत.”

“म्हणजे पूजा आहे?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय, सर?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना फक्त उत्तर हवं होतं. मला मात्र शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखं वाटलं. आयुष्यभर प्रत्येक वाक्यात तो शब्द घालत आलो होतो. तेवढ्या एका वेळेला काढला.

“पूजाच असेल,” मी म्हणालो.

“ठीक आहे. आम्ही बोट तयार ठेवतो. तुम्ही त्यांना फोन लावा आणि दहा मिनिटांत मला कळवा.”

मी जयवंतला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पाच-सहा वेळा लावला. खडकांपाशी फोन लागत नाही हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. म्हणजे न लागण्यात विशेष काही नव्हतं. नारळ देऊन होईल, तो यंत्र पुसून खोबणीत ठेवील, हाक थांबेल, मागच्यासारखी.

दहा मिनिटं झाली. आता बाईंना काय सांगायचं? ‘फोन लागत नाही.’ मग त्या म्हणतील, ‘तर मग पूजा आहे हे तुम्ही कशावरून म्हणालात?’

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी वाक्य कागदावर लिहून घेतो. तेव्हाही लिहायचो, आजही लिहितो. कोशाच्या कव्हरासाठी कापलेल्या कागदाचा एक तुकडा घेतला. ‘नमस्कार, मी वामन आरोलकर. मघाशी मी जे सांगितलं, त्याबद्दल मला पूर्ण खात्री नाही.’ हे फार बेजबाबदार वाटलं. खोडलं. ‘माझा त्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही, तथापि’ इथे अडलो. तथापि काय? दुसरा तुकडा घेतला. मधल्या वेळात खळ वाळायला लागली होती, तेव्हा कणा दाबून धरला, कारण खळ वाळली की पुन्हा शिजवावी लागते. तिसऱ्या तुकड्यावर वाक्य जमलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. फोनकडे हात नेला आणि फोनच वाजला.

बारा वीस.

“सर, तुम्ही कळवलं नाहीत.”

“मी करणारच होतो. लागत नाहीये.”

“बीकन अजून चालू आहे. आणि सरकतंय, दक्षिणेला, प्रवाहाबरोबर. पूजा इतका वेळ चालते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग?”

माझ्या हातात ते जमलेलं वाक्य होतं. मी ते वाचलं नाही.

“तो पाण्यात आहे,” मी म्हणालो. “बाई, तो पाण्यात आहे. बोट पाठवा.”

फोन बंद झाला.

अडीच वाजता त्याला बंदरावर आणलं. मी सायकल टाकून गेलो तेव्हा धक्क्यावर गर्दी होती. ‘कुर्ली’ खडकांच्या पलीकडे आडवी झालेली सापडली. शिडाचा आडवा वासा फिरून त्याच्या छातीवर बसला होता. जाकिटामुळे तो तरंगत राहिला. फुफ्फुसांत पाणी गेलेलं नव्हतं. बरगड्या मोडून आत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. किती वेळ होते पाण्यात, असं कोणीतरी विचारलं. दीड-दोन तास, ते म्हणाले. लवकर मिळाले असते तर? डॉक्टरांनी खांदे उडवले. “तसं सांगता येत नाही.”

यंत्र त्याच्या डाव्या मनगटाला बांधलेलं होतं. दोरीच्या दोन गाठी होत्या, दुसरी पहिलीवर ओढून घट्ट केलेली. दोरीवर दातांच्या खुणा होत्या. उजवा हात चालत नसणार. तरी त्यानं पाण्यात यंत्र पकडलं होतं, डाव्या मनगटाला गुंडाळलं होतं, आणि दात लावून एक गाठ मारली होती, मग दुसरी. मला वाटतं, त्यानंतर त्याला काही करायचं उरलं नसेल. वाट पाहायची, एवढंच. यंत्र मी निवडलेलं होतं. वामन वाचलेला माणूस आहे, हे त्याला ठाऊक होतं.

दिवा अजून लखलखत होता. तो कसा बंद करायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. मीच पुढे झालो, दोरी सोडली, यंत्र कोरडं पुसलं. दिवा विझला.

“वामनान निवडलेला यंत्र म्हणान निदान गावलो तरी,” एक जण म्हणाला. “नायतर दर्यात खय शोधतलंव?”

“वामनाक फोन इलो नि तेनी लगेच बोट धाडूक सांगल्यान,” दुसरा म्हणाला.

लगेच. मी ते ऐकलं. वहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मी दोरी गुंडाळत राहिलो.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुलभावहिनी माझ्या घरी आल्या. टॉवेलात गुंडाळून आणलेलं यंत्र त्यांनी सोडवून टेबलावर ठेवलं.

“भावजी, ह्या तुमच्याकडे ठेवा. माझ्या घरात नको.”

“पाणी घेता, वहिनी?”

“पाणी नको. एक इचारूचा होता. तीन वर्सां झाली, कोणाक इचारूक नाय.” त्या खुर्चीच्या कडेला बसल्या. “तुमका त्या दिवशी फोन किती वाजता इलो?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळ त्यांच्या डोक्याच्या वरच होतं.

“बारा वीसला,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. जे माहीत होतं तेच ऐकल्यासारखी.

“मगे माकाच आधी. बाराक दहा मिन्टां होती. तुमचो फोन लागणा नसतलो, म्हणान माका केल्यानी. ती बाई म्हणाली, खडकांपाशी पूजा आसा काय? मी म्हटलंय, व्हय, नारळ देतले हत, यंत्राक पाणी पाजतले हत. मी हसलंयसुद्दा, भावजी. तुमका इचारल्यानी नि तुम्ही लगेच सांगलात, बोट धाडा. माका इचारल्यानी नि मी हसलंय. तो थय पाण्यात होतो, नि मी हय हसलंय.”

त्या रडत नव्हत्या. हातातल्या टॉवेलाची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

अकरा पन्नासला माझा फोन लागत नव्हता, कारण मी जयवंतला फोन लावत होतो. आणि पूजेचं त्या बाईंना कोणी सांगितलं, हे वहिनींनी विचारलं नाही. त्यांना वाटत होतं, मागच्या नोंदीवरूनच बाईंनी ते विचारलं. खडकांपाशी पूजा आहे, हे खरं तर माझ्या तोंडून गेलं होतं. बाई फक्त खात्री करून घेत होत्या, आणि वहिनींनी माझ्याच शब्दांना होकार दिला होता.

एक वाक्य पुरेसं होतं. कागदावर लिहून घ्यायचीही गरज नव्हती.

“वहिनी,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं कळणार होतं?”

“तुमका कळला मां?” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या उठल्या, दारात चपला घालताना मागे वळल्या. “तेका पाणी लावू नका हां.”

त्यानंतर त्या चौदा वर्षं जगल्या. वाटेत भेटल्या की माझी विचारपूस करायच्या. लोकांना सांगायच्या, वामनभावजींसारखा माणूस मिळायचा नाही. दर वेळी मी ठरवायचो आणि दर वेळी म्हणायचो, पुढच्या वेळी. गेल्या पावसाळ्यात त्या वारल्या.

यंत्र माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. बॅटरी कधीच संपली. दसऱ्याला मी त्यावर झेंडूचं एक फूल ठेवतो, कोरडं. फॉर्मची प्रतही आहे, दोन नावांची. आता त्यातलं एकच माणूस उरलंय, आणि विचारायला कोणी येणार नाही.

वहिनींना मी सांगितलेली वेळ खोटी होती. पहिला फोन मला आला होता. अकरा चाळीसला.